बंबाची राख

सोलापुरात आमच्या पेठेत कपडे बघून माणूस कुठल्या घरचा ते सांगता यायचं, निदान आमच्या घरचा तरी. माझा फ्रॉक, अव्वाचं, म्हणजे आईचं, इरकली लुगडं, अप्पांचं धोतर, दोरीवरचा टॉवेल, सगळ्याला बारीक बारीक भोकं. अप्पांचं बॅटरीचं दुकान होतं. ट्रकच्या आणि मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायच्या, मेलेली बॅटरी फोडून, आतल्या शिशाच्या प्लेटा बदलून पुन्हा जिवंत करायची, हा धंदा. पुढं दुकान, मधे बोळ, मागं आम्ही. बॅटरीतल्या ॲसिडचा, तेजाबाचा थेंब कधी उडाला ते कळायचं नाही, कपडा धुतला की भोक दिसायचं. मग अव्वा कानडीत दोन शिव्या हासडायची आणि रफू करायला बसायची. शाळेत मुली मला 'चाळणी' म्हणायच्या. त्यातल्या एकीची वेणी ओढून मी तिला रडवली होती, त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

दुकानात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या दिवसभर बुडबुडायच्या आणि त्या हवेनं घसा खवखवायचा. शेजारी रत्नव्वा मावशीच्या तेलुगू घरात विणायच्या मागाची खटखट, लांब गिरणीचा भोंगा, आणि आमच्या सोप्यात अव्वा उखळात शेंगाची चटणी कुटायची तो दणका. आमच्या घरातला सगळ्यात चांगला आवाज मात्र माझ्या मोठ्या बहिणीचा, नंदाक्काच्या भाकरीचा. परातीत पीठ पसरून ती दोन्ही हातांनी थापायची तेव्हा थप थप असा एकसारखा ठेका यायचा, आणि भाकरी अशी पातळ उतरायची की तव्यावरून काढून उन्हाकडं धरली तर पलीकडचं अंगण दिसावं. कडक भाकरीची चवड करून ती फडक्यात बांधून ठेवायची आणि ती भाकरी आठवड्यानं मोडली तरी कटकन वाजायची. अक्का बोलायला कमी, हसायला जास्त, आणि माझ्यासारखी भांडखोर अजिबात नाही. तिच्या लग्नाचं बघायला लागले होते. मला ते मुळीच पसंत नव्हतं, कारण ती गेली की भाकऱ्या माझ्या गळ्यात पडणार होत्या.

अप्पांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात भोकांचा बनियन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "बॅटरीतलं कायसुद्धा वाया जाऊ देत न्हाय मी." खरंच देत नव्हते. जुनं शिसं ते अंगणातच लोखंडी कढईत वितळवायचे. फुटक्या रबरी डब्यांत अव्वानं तुळस आणि कोथिंबीर लावून बघितली, ती जगली नाही ही गोष्ट वेगळी. आणि प्लेटांच्या मधे त्या काळी पातळ लाकडी पट्ट्या असायच्या. फोडलेल्या बॅटरीतून त्या ढिगानं निघायच्या, काळ्याकुट्ट, भिजलेल्या. त्या धुवून माळवदावर वाळत घालायच्या. एका बाजूला आमच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला त्या पट्ट्या. वाळल्या की मागच्या अंगणातल्या पाण्याच्या बंबात जायच्या. त्यावर बॅटरीच्या डब्याचं तोंड बंद करायला लावलेल्या डांबराचे दोन खडे टाकले की बंब नुसता भडकायचा. पेठेत बायका ओल्या लाकडांना फुंकून फुंकून डोळे लाल करून घेत असताना आमच्याकडं पाणी कढत. शेजारच्या बायका बादल्या घेऊन यायच्या आणि अव्वाला त्याचा तोरा होता.

बंब पेटवायचं काम अक्काचं. खाली राहायची ती राख साध्या लाकडाच्या राखेसारखी नसायची. वजनाला जड, हाताला मऊ, आणि किंचित पिवळट. त्या राखेनं भांडी घासली की पितळ लखलखायचं. रत्नव्वा मावशी एकदा ती राख चिमटीत धरून म्हणाली, "येवढी मऊ राख हाय, राखुंडी कर की गं पोरी. पाहुणे बघायला येणार, दात कसे मोत्यागत दिसतील." मावशीचा हेतू वाईट नव्हता. तेव्हा निम्मी पेठ राखुंडीनं नाहीतर मिसरीनं दात घासायची. अक्कानं ती राख वस्त्रगाळ केली, थोडं मीठ घातलं आणि एका डबीत भरून ठेवली. मी एकदा बोट लावून बघितलं, मला ती चव गुळमट आणि घाण लागली, मी थुंकून टाकलं. अक्का मात्र सकाळी बंब पेटला की त्याच्यापुढंच उकिडवी बसायची आणि आरशाचा तुकडा धरून घासघास घासायची.

आता माझ्या घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहे. पाणी घालायला मुलगा येतो तो हातमोजे न घालता झाकणं उघडतो, आणि मी तोंड सोडते. घरातली माणसं म्हणतात, आजीला बॅटरीचं वेड लागलंय. नातवाच्या खेळण्यातला सेल कचऱ्यात दिसला तर मी आख्खी बादली उपडी करते. म्हणू देत वेड. त्यांनी तेव्हाच्या अक्काला बघितलेलं नाही.

पहिल्यांदा तिची भूक गेली. मग पोटात कळा यायला लागल्या, अशा की बसल्या जागी ती गुडघे पोटाशी घेऊन दाताखाली पदर धरायची. अव्वानं ओवा दिला, हिंग लावला, एरंडेल पाजलं. पोट साफ होईना. रंग उतरला, ओठ पांढरे पडले. सकाळी तोंड धुतलं की ओकारी. आणि एक दिवस परातीतला ठेका चुकला. मी जवळच बसले होते. अक्काचा उजवा हात पिठावर पडला तो उठेचना. बोटं हलत होती, पण मनगट वर येईना, पंजा लोंबायला लागला. तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून बघितला आणि माझ्याकडं बघून हसली. "मुंगी आली असंल गं," म्हणाली. त्या दिवशीच्या भाकऱ्या जाड आणि फाटक्या झाल्या. अप्पांनी ताटातली भाकरी उचलून उलटीपालटी केली आणि मुकाट्यानं खाल्ली. अव्वाला दुसरंही एक ठाऊक होतं, जे मला त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं. अक्काची पाळी चुकलेली होती.

अशात पाहुणे आले. अक्कलकोटकडचं भुसार दुकानदाराचं घर, माणसं चांगली, मुलगा शिकलेला. अव्वानं उप्पीट केलं, अक्काला हिरवं इरकली नेसवलं, गालाला पावडर थापली. मी बोळातून बघत होते. अक्का ताटल्या घेऊन आत आली. मुलाच्या आईपुढं ताटली धरली आणि तिचा पंजा खाली कलंडला. उप्पीट त्या बाईंच्या मांडीवर. अक्का वाकून गोळा करायला गेली आणि तशीच उठून मोरीकडं पळाली. आतून ओकारीचा आवाज आला. मुलाची आई उठली, मांडीवरचं झटकलं आणि अव्वाला बाजूला घेऊन अगदी हळू, मायेनंच विचारलं, "एष्ट तिंगळातव्वा?"

किती महिने झाले गं बाई?

अव्वाचं तोंड मी त्या वेळी बघितलं. मार खाल्लेल्या माणसाचं असतं तसं. पाहुणे चहा न घेता गेले. अप्पा त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेले, त्यांना काहीच कळलेलं नव्हतं, ताटली सांडली म्हणून कुणी एवढं रागावतं का, असं म्हणत राहिले. अव्वानं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मला बाहेर उंबऱ्यावर बसवलं. "कुणी आलं तर खोकायचं," म्हणाली.

दाराला फट होती. मी सगळं ऐकलं.

"कोण हाय सांग."

"कोण म्हंजे?"

"माझ्यासंगं आगाऊपणा करू नको नंदे. कोण हाय त्यो? रत्नव्वाचा पोरगा हाय का? त्याच्याकडनं गोष्टीची पुस्तकं आणतीस न्हवं?"

"अव्वा, काय बोलायलीस तू?"

मग चापटीचा आवाज आला. आणखी एक. अक्का रडली नाही. "अव्वा, पोट दुखतंय," एवढंच म्हणत होती, "अव्वा, पोट लई दुखतंय गं." मी अकरा वर्षांची. कशाबद्दल चाललंय ते अर्धं कळलं होतं, अर्धं नाही, पण अक्का खोटं बोलत नाही हे मला पुरतं माहीत होतं. मी खोकले. कुणी आलं नव्हतं तरी जोरजोरात खोकले. अव्वा बाहेर आली, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याही एक ठेवून दिली.

त्यानंतर घरात भीतीशिवाय काही राहिलं नाही. अव्वाला अप्पांची भीती. त्यांचा राग वाईट, एकदा गिऱ्हाइकाशी भांडताना त्यांनी तेजाबाची बाटली उचलली होती. अप्पांना कळलं तर पोरीला जित्ती ठेवणार न्हाईत, असं अव्वा रत्नव्वा मावशीच्या कानात बोलली. दवाखान्यात न्यायचं नाही, कारण दवाखान्यात आपल्या पेठेतली कुणी ना कुणी बाई बसलेलीच असणार आणि संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा होणार. अप्पांना सांगायचं, पित्त झालंय. आणि अक्काला अंगणातसुद्धा जाऊ द्यायचं नाही. म्हणजे बंब आता मी पेटवत होते. अक्का खोलीत भिंतीला टेकून बसायची. उजवा हात मांडीवर, मेल्यासारखा. राखुंडीची डबी तिच्या उशाशी. कशाला घासतीस गं आता, म्हटलं तर म्हणायची, "तोंड कडू पडतंय, घासलं की जरा बरं वाटतंय."

मग अव्वा कुठूनशी एक पुडी घेऊन आली. कुणाकडून आणली ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. दुपारी अप्पा दुकानात असताना चुलीवर त्याचा काढा चढवला. सगळ्या घरात उग्र वास सुटला. रत्नव्वा मावशी दारात उभी होती. "नंदीच्या आई, पोरगी लई अशक्त हाय हो. रक्त गेलं तर उरायची न्हाय." अव्वा म्हणाली, "उरली न्हाय तर न्हाय." आणि लगेच तोंडात पदर कोंबून रडायला लागली. ती अक्काला मारायला निघाली नव्हती. तिला पोरगी हवी होती आणि अब्रूही हवी होती, आणि दोन्ही एकदम मिळायची वाट तिला त्या एका भांड्यात दिसत होती. हे मी आज लिहू शकते. त्या दुपारी मला अव्वाचा इतका राग आला होता की चूल लाथेनं उडवावीशी वाटत होती.

अव्वानं काढा गाळला. वाटी घेऊन ती खोलीत गेली, तिच्यामागं मी. अक्कानं वाटीकडं बघितलं, अव्वाकडं बघितलं. काय आहे ते तिला कळलं असावं, कारण तिनं डावा हात पुढं केला आणि म्हणाली, "दे. तुझ्या मनासारखं होऊ दे." वाटी तिच्या हातात गेली, आणि त्याच क्षणी तिचे डोळे वर गेले. सगळं अंग ताठ झालं, दातखीळ बसली, टाचा जमिनीवर आपटायला लागल्या. काढा माझ्या पायावर सांडला. मावशी ओरडली, "आकडी आली, चप्पल हुंगवा!" अव्वा अक्काचं डोकं धरून नुसती "नंदे, नंदे" करत बसली. मी कुणाला विचारलं नाही. बोळातून पळत दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकांत किंचाळले, "अप्पा, अक्का मरायलीय!"

दुकानासमोर एक ट्रक उभा होता, त्याची बॅटरी काढून आत चार्जिंगला लावलेली. अप्पांनी हाताला लागली ती भरलेली बॅटरी उचलून पळतच त्यात ठेवली. वरचं झाकण सैल होतं, तेजाब त्यांच्या हातावरून ओघळलं. त्यांनी हात धुतला नाही, तारा आवळल्या. अक्काला उचलून ड्रायव्हरच्या शेजारी ठेवली, अव्वा कशीबशी वर चढली, मी मागच्या हौद्यात. सगळी पेठ बाहेर येऊन बघत होती. अव्वानं ज्यांच्यापासून लपवलं ते सगळे.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई पुण्याकडची होती, तरुण, चष्मेवाली, बोलायला कडक. आकडी थांबली होती, पण अक्का शुद्धीवर पुरती नव्हती. अव्वानं बाईंना कोपऱ्यात नेऊन हात जोडून काहीतरी सांगितलं. बाईंनी पडदा ओढला. आम्ही बाहेर. अप्पा भाजलेल्या हातावर फुंकर घालत उभे होते आणि विचारत होते, "पित्तानं आकडी येतीया व्हय? आं? पित्तानं?" अव्वा भिंतीकडं तोंड करून उभी. मला एवढंच कळत होतं की पडद्यातून बाई बाहेर येऊन जे बोलतील त्यावर सगळं आहे, आणि अप्पांच्या समोर बोलल्या तर अक्का एका संकटातून वाचून दुसऱ्यात जाईल.

बाई बाहेर आल्या. सरळ अव्वाला म्हणाल्या, "ती गरोदर नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?" अप्पांची मान गर्रकन अव्वाकडं वळली. बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. मला खुणेनं आत बोलावलं, कारण घरच्यांत बोलण्याच्या अवस्थेत मीच दिसत होते. अक्काचा ओठ वर करून त्यांनी दाखवलं. हिरड्यांच्या कडेनं, दातांच्या बरोबर वर, निळीकाळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

"ही दात कशानं घासते?"

"राखुंडीनं."

"कसली राख?"

"बंबाची."

"बंबात काय जाळता?"

याचं उत्तर दारातून अप्पांनी दिलं. अशा वेळीसुद्धा त्यांच्या आवाजात तो जुना अभिमान थोडा होता. "बॅटरीतल्या लाकडी पट्ट्या, बाई. वाया न्हाय घालवत आमी."

बाईंनी चष्मा काढला. "शिसं आहे त्यात. तुमची मुलगी रोज सकाळी शिसं खाते आहे, धुरातून पण आणि राखेतून पण. तिच्या पोटात विष आहे, हातात आहे, आता डोक्यात गेलं आहे. ही पोटदुखी त्याची, हा हात त्याचा, पाळी थांबली तीही त्यानंच. मेंदूला सूज आली तर मी काही करू शकणार नाही."

अव्वानं विचारलं, "इख हाय म्हंता?"

"हो. विष."

"दुसरं काय न्हाय? नुसतं इखच?"

"नुसतं?" बाई म्हणाल्या.

आणि अव्वानं दोन्ही हात जोडले. "सिद्धरामा, पावलास रे बाबा," म्हणाली आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागली, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. तिच्या तोंडावर इतके दिवस जे दाटलं होतं ते सगळं उतरलं. हसत होती म्हणा ना. मी अक्काकडं बघितलं. अक्काचे डोळे उघडे होते.

त्यावरची इंजेक्शनं सोलापुरात नव्हती. पुण्याहून आणावी लागली. रेल्वेनं अप्पा गेले, भाजलेल्या हाताला फडकं बांधून. ते येईपर्यंत अक्काला पुन्हा आकडी आली, आणि एकदा तिनं मला ओळखलंच नाही, रत्नव्वा मावशी समजून माझ्याशी तेलुगूत बोलायला लागली. तिला तेलुगू येतं हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. ती जगते की नाही हे कुणी सांगत नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर हळूहळू डोळ्यांत ओळख आली. बाईंनी आम्हा सगळ्यांच्या हिरड्या बघितल्या. अप्पांच्या हिरडीला तीच रेघ निघाली. त्यांच्याही पोटात कळा यायच्या, हे तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं.

घरी आल्यावर अप्पांनी माळवदावरच्या, अंगणातल्या सगळ्या पट्ट्या आणि राख पोत्यांत भरली. पण टाकायची कुठं? बाईंनाही ते सांगता आलं नव्हतं. जाळायची नाही, ओढ्यात टाकायची नाही, उकिरड्यावर टाकली तर दुसरी कुणी बाई बंबासाठी उचलून नेणार. शेवटी गावाबाहेर खड्डा खणून पुरली. तिथं आता घरं झालीत. मी त्या बाजूला गेले की अंगणात खेळणारी पोरं बघते, आणि कुणाच्या दारात जाऊन काय सांगायचं ते कळत नाही.

अक्काचा उजवा हात महिनोन् महिने तसाच लोंबता राहिला. अव्वा तिला भरवायची. दुधात भाकरी कुस्करून, गूळ घालून, लहान मुलासारखं. अव्वा त्या दिवसांत फार गोड बोलायची, फार खूश असायची, पेठेत येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची, "शिसं बाधलं हो पोरीला, डॉक्टरनी सांगितलं." एका दुपारी अप्पा शेजारी जेवायला बसले होते, मी वाढत होते. अव्वानं घास पुढं केला. अक्का म्हणाली,

"अव्वा, इख म्हणल्यावर तू हात जोडलीस."

अव्वाचा हात तिथंच थांबला.

"मी मरायले होते. आन तुला आनंद झाला."

अव्वानं खोटं बोलावं म्हणून माझा जीव कासावीस झाला. एरवी तिला खोट्याचं काही वाटायचं नाही, भाजीवालीपासून पूजेला येणाऱ्या जंगमस्वामींपर्यंत सगळ्यांशी ती बिनदिक्कत खोटं बोलायची. न्हाय गं, देवाचे उपकार मानले मी, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. अव्वानं घास ताटलीत ठेवला.

"व्हय," म्हणाली. "झाला."

अक्का तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं ताटली आपल्यापुढं ओढली आणि डाव्या हातानं जेवायला लागली. आमच्या घरात डावा हात ताटाला लागला तर पाठीत धपाटा बसायचा. अप्पांनी मान खाली घातली.

पुढं हात बरा झाला. अक्काचं लग्न झालं, तिच्या सासरी तिच्या भाकरीचं नाव झालं, लेकरं झाली. सगळ्यांच्यात बसून ती उजव्या हातानं जेवायची. फक्त माहेरी आली आणि अव्वानं ताट वाढलं, की डाव्या हातानं जेवायची. अव्वा जाईपर्यंत.